जीपगाडी आणि तिची घरची निगा

गेल्या पिढीपर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यास रस्ता आहे काय, असें कोणीं विचारलें तर त्याला आधीं महिना विचारावा लागे. माघांत विचाराल तर आहे. श्रावणांत विचाराल तर नाहीं. वैनगंगेच्या दोहों बाजूंस पसरलेली ही भाताची व तलावांची भूमि. बांध्यांत पाणी अडवून धान पिकवावयाचें, तेव्हां जी जमीन पाणी धरून ठेवते तीच येथें उत्तम समजली जाते. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशीं जमिनींचीं नांवें आढळतात. शेतकऱ्याला जिचा सर्वांत अधिक अभिमान, त्या कन्हारींतच गाडीचें चाक तुंब्यापर्यंत रुततें.

अशा मुलखांत चालणारें आणि घरच्या घरीं दुरुस्त होणारें एक वाहन कसें आलें, व लोकांनीं त्यांत काय काय फेरफार केले, याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. हें वाहन म्हणजे जीपगाडी. मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास व भूगोल शिकविला. माझी विद्या मॅट्रिकच्या पुढें गेली नाहीं, आणि यंत्रविद्येचें शिक्षण तर मुळींच नाहीं. पण माझें बाळपण एका जीपगाडीखालीं उताण्या पडलेल्या मामांच्या हातांत पाने देण्यांत गेलें. माझा अधिकार काय तो एवढाच.

जीपच्या आधीं येथें बंडी होती, आणि निगा म्हणजे काय हें लोक बंडीवरच शिकले. बंडीचें चाक म्हणजे मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठे आणि सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकाहून किंचित् लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवावयाची, म्हणजे ती फुगते. मग ती चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवावयाची आणि लागलीच पाणी ओतावयाचें. थंड होतांना ती आकसते व सगळा सांगाडा एकजीव करते. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात हा धडा मीं वर्गांत शिकविला तो पुस्तकांतून. पण मुलांना तो समजला तो लोहाराच्या भट्टीवर. उन्हाळ्यांत लाकूड वाळून धाव ढिली झाली कीं बंडी तशीच तलावांत उभी करून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हां घट्ट होई. आंसाला ओंगण घातल्याशिवाय बंडी गांवाबाहेर काढणें हा तर आळसाचा कळस समजला जाई. ही संवय ज्यांच्या अंगीं होती, त्यांना पुढें ग्रीसची बंदूक हातांत घेणें जड गेलें नाहीं.

आतां जीपच्या जन्माकडे वळूं. १९४० च्या उन्हाळ्यांत युरोपांत फ्रान्स पडला होता आणि अमेरिकेच्या सैन्याला टेहळणीसाठीं एक हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. सैन्यानें १३५ कारखानदारांकडे मागणी धाडली. नमुन्याची गाडी ४९ दिवसांत द्यावी अशी अट होती. उत्तर दिलें तें फक्त दोघांनीं. त्यांतील बॅण्टम ही कंपनी बुडण्याच्या बेतांत होती. तिनें कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या अभियंत्याकडून आराखडा करवून २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी हजर केली. आराखडा बॅण्टमचा, पण पुढें मोठें काम मिळालें तें विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या थोर कारखान्यांना. गरिबाच्या कल्पनेवर श्रीमंतानें दुकान थाटावें हें जगांत नवें नाहीं. विलीजचें इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें, तेंच शेवटीं सर्वमान्य झालें. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. ‘जीप’ या नांवाविषयीं पंडितांत वाद आहे. कोणी म्हणतात तें फोर्डच्या ‘जी. पी.’ या खुणेवरून पडलें. कोणी १९३६ सालच्या एका चित्रकथेंतील विचित्र प्राण्याकडे बोट दाखवितात.

या गाडीची खरी थोरवी तिच्या ताकदींत नसून तिच्या साधेपणांत होती. इंजिनाच्या झडपा बाजूच्या ठोकळ्यांतच असल्यामुळें वरचें डोकें म्हणजे निव्वळ एक झांकण. तें उघडून आंतील काजळी खरवडावी, झांकण परत लावावें, आणि दुपारच्या जेवणाला बसावें. पुढची कांच आडवी पाडतां येई. डाव्या अंगास कुऱ्हाड व फावडें बांधलेलें असे. शिपाई जेथें असेल तेथेंच त्यानें गाडी दुरुस्त करावी, ही योजनाच होती. तेव्हां शिपाई तेवढ्यावर थांबले नाहींत हें साहजिकच. युरोपांत रस्त्यावर मानेच्या उंचीला आडव्या तारा बांधून ठेवीत, म्हणून सैनिकांनीं पुढच्या बंपरवर लोखंडाची उभी पट्टी जोडली. ती तार आधींच तोडी. ब्रह्मदेशांत आगगाडीचीं इंजिनें मोडून पडलीं होतीं. तेथें जीपचीं रबरी चाकें काढून लोखंडी चाकें बसविलीं आणि तीच गाडी रुळांवरून डबे ओढूं लागली. घरगुती सुधारणेचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो या अनामिक शिपायांपासून आरंभावा लागेल.

युद्ध संपलें आणि या गाड्या ठिकठिकाणीं लिलांवांत निघाल्या. हिंदुस्थानांतही लष्करी सामानाची विक्री झाली, आणि जंगलचे कंत्राटदार, चहामळेवाले, खाणमालक, लहान संस्थानिक अशा नाना प्रकारच्या लोकांच्या हातीं जीप आली. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं महिंद्र बंधु व मलिक गुलाम मुहम्मद यांनीं ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी स्थापिली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढें गव्हर्नर जनरलच्या पदापर्यंत चढले. इकडे पेढीनें १९४८ मध्यें ‘महिंद्र अँड महिंद्र’ हें नांव घेतलें आणि मुंबईंत माझगांव येथें विलीजचे सुटे भाग आणवून जीप जुळविण्यास आरंभ केला. त्याच सुमाराची दुसरीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४८ मध्यें सरकारनें लंडनमार्गें डागडुजी केलेल्या २,००० जीपगाड्यांचा सौदा केला. त्यांपैकीं १५५ मद्रासेस उतरल्या आणि लष्करानें त्या निकामी ठरविल्या. संसदेंत त्यावर मोठें वादळ झालें. दुरुस्ती नुसती रंगावरून पारखूं नये, एवढें ज्ञान त्या प्रकरणांतून देशाला फुकट मिळालें नाहीं.

खेड्यापाड्यांत मात्र जीप ओळखीची झाली ती सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूह-विकासाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढें १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकारी आणि जीप हें समीकरण तेव्हांच पक्कें झालें. लसटोचणी, बियाण्याचीं पोतीं, मतपेट्या, दुष्काळी कामांचे मस्टर, सर्व कांहीं तिच्यांतून आलें. मागल्या बाजूचा धुरळा पाहून गांवाला कळे कीं कोणी साहेब येत आहे. तोंपर्यंत तिचें रूपही पालटलें होतें. जुन्या सपाट टोपणाच्या जागीं उंच टोपण आलें, कारण १९५३ पासून विलीजनें जें इंजिन बसविलें त्याच्या आंत हवा घेणाऱ्या झडपा डोक्यावर गेल्या व इंजिन उंच झालें. हीच उंच कपाळाची जीप आमच्या पिढीनें पाहिली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत १९६९ पासून जोंगा ही तिची मोठी बहीण तयार होऊं लागली. ती निसानच्या घराण्यांतली. जबलपूर आम्हांस फार लांब नाहीं, त्यामुळें लष्करानें टाकलेल्या जोंगाही पुढें इकडे दिसूं लागल्या.

माझे मामा तेंदूपत्त्याचे कंत्राटदार होते. नागझिऱ्याकडील जंगलांतून बिडीपानाचे पुडे काढावयाचे, तर बंडीला दोन दिवस लागत. म्हणून त्यांनीं लिलांवांतून आलेली एक जुनी युद्धकालीन जीप नागपुरास विकत घेतली होती. १९६९ च्या कायद्यानें तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारनें आपल्या हातीं घेतला, मामांचा धंदा बसला, पण जीप राहिली. ती शेतीला जुंपली गेली. पोळ्याच्या दिवशीं बैलांबरोबर तिलाही सुट्टी असे. त्या दिवशीं ती कोणासाठींही निघत नसे, मग मागणारा कितीही मोठा असो.

सुट्या भागांसाठीं नागपूर गांठावें लागे आणि तेथेंही माल मिळेलच असें नव्हतें. तेव्हां जें हातानें होईल तें हातानें. इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीचा धातूचा बुश झिजला, तेव्हां मामा तो खिशांत घालून भंडाऱ्याच्या कासारआळींत गेले. भंडाऱ्याचें पितळ प्रसिद्धच आहे. कासारानें पितळेचा बुश ओतून दिला. तो दोन महिन्यांत झिजला. मग त्यानें कांशाचा करून दिला. तो कठीण खरा, पण ठिसूळ, एका थंडीच्या सकाळीं तडकला. तेव्हां तो वृद्ध कारागीर म्हणाला, “पाटील, घंटेचें कांसें फिरत्या दांड्याला चालावयाचें नाहीं.” त्यानें तांबें वाढविलें, कथील कमी केलें व तिसरा बुश ओतला. तो आमच्या जीपमध्यें कित्येक वर्षें टिकला. तोफांसाठीं वापरीत त्या मिश्रधातूंत साधारण दहा भागांस एक भाग कथील असतें, हें मीं पुढें वाचलें. कासारानें तें वाचलेलें नव्हतें. त्याच्या हाताला तें माहीत होतें.

ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधील फट २० हजारांश इंच असावी, असें पुस्तक सांगे. मामांजवळ मापाची पट्टी नव्हती. ते पोस्टकार्ड दुहेरी करून फटींत घालीत. कार्ड किंचित् अडखळत सरकलें म्हणजे माप बरोबर. एकदां मीं शाळेचें नवें कोरें पोस्टकार्ड दिलें तर म्हणाले, “जुनें आण, दाबलेलें.” ग्रीस भरावयाच्या जागा त्या गाडीला इतक्या होत्या कीं, मामांनीं मला त्या एखाद्या स्तोत्राप्रमाणें पाठ करावयास लाविल्या होत्या. पुढचे पाटे, मागचे पाटे, सुकाणूचे सांधे, फिरत्या दांड्यांचीं टोकें. चिखलांतून आल्यावर प्रत्येक निप्पल आधीं चिंधीनें पुसावयाचें आणि मगच ग्रीस. नाहींतर चिखलच आंत भरला जातो.

चार चाकांच्या जोराविषयीं एक गैरसमज शहरांत अजून आहे, म्हणून थोडें सांगतों. वळणावर पुढचीं चाकें मागच्या चाकांपेक्षां मोठ्या कमानींतून जातात, म्हणजे त्यांना अधिक अंतर चालावें लागतें. जुन्या जीपमध्यें पुढचा व मागचा दांडा एकदां जोडला कीं दोघांना सारखेंच फिरणें भाग. चिखलांत चाक थोडें घसरून हा हिशेब मिटवितें. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरूं शकत नाहीं, सगळा ताण दांत्यांवर व सांध्यांवर पडतो, आणि गाडी जणूं दोराला बांधल्यासारखी अडून चालते. तेव्हां चार चाकें ही चिखलापुरतीं. पक्क्या रस्त्यावर लागतांच पुढचा दांडा सोडावयाचा. पण सोडला तरी पुढचीं चाकें आंतील दांडे फुकट फिरवीतच राहतात. यावर अमेरिकेंत आर्थर वॉर्न यानें १९४८ मध्यें चाकाच्या तुंब्यावरच हातानें सोडण्या-जोडण्याची कळ काढली. लिलांवांतील लष्करी जीप रोजच्या वापरास सोईची व्हावी हाच त्याचा उद्देश होता. जीपवर झालेल्या सर्व सुधारणांत मला ही सर्वांत शहाणी वाटते, कारण तिनें गाडीचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं.

१९७१ च्या श्रावणांतील एक रात्र मला विसरतां येत नाहीं. मी तेरा वर्षांचा होतों. शेजारच्या घरची सून पहिलटकरीण, दोन दिवस वेणा देत होती, आणि सुईणीनें हात टेकले. दवाखाना चार कोसांवर. मध्यें चुलबंदला मिळणारा एक नाला. मामांनीं जीप काढली. मागें बाजेवर ती बाई, तिची सासू, आणि कंदील धरून मी. खोल पाण्यांत शिरण्यापूर्वीं पंख्याचा पट्टा काढावयाचा असतो; नाहींतर पंख्याचीं पातीं पाण्याला लागतात व तें पाणी ठिणगीच्या डबीवर उडवितात. डायनामोचा एक बोल्ट ढिला केला कीं पट्टा हातानें निघतो. पांच मिनिटांचें काम. मामांना तें पुरतें ठाऊक होतें. पण ती बाई ओरडत होती, पाणी दिसावयास उथळ होतें, आणि मामांनीं गाडी तशीच घातली.

नाल्याच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडलें. पाणी पायांशीं आलें. मी पोहत परत आलों व गांवाकडे धावलों. दोन जोड्या बैल आणून जीप ओढून काढण्यास दीड तास लागला, आणि डबी उघडून धोतराच्या कोरड्या सोग्यानें पुसून इंजिन पुन्हां बोलण्यास आणखी अर्धा. दवाखान्यांत पोंचलों तेव्हां उजाडलें होतें. बाई वांचली. मूल गेलें. डॉक्टर मामांना कांहींच बोलले नाहींत, आणि त्या घरानेंही कधीं शब्द काढला नाहीं. मामाच कित्येक दिवस कोणाशीं बोलले नाहींत.

मग एके दिवशीं त्यांनीं काम सुरू केलें. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ते ठिणगीच्या डबीवर व प्लगांच्या टोपणांवर घट्ट बसविले आणि कडांना ग्रीस लाविलें. पट्ट्याच्या बोल्टाचा पाना सुतळीनें सुकाणूच्या दांड्याला बांधून टाकला. तो गाडीबरोबर अखेरपर्यंत राहिला. पट्टा काढल्यावर पाण्याचा पंपही थांबतो व इंजिन तापूं लागतें, म्हणून पट्ट्याविना किती वेळ चालावयाचें याचा अंदाज त्यांनीं तलावाच्या पाळीवर घेतला. दुसरी गोष्ट मागच्या आंसाची. चालून तापलेला आंस गार पाण्यांत शिरला कीं आंतली हवा आकसते आणि श्वासाच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. तेल दुधासारखें पांढरें झालें कीं समजावें पाणी गेलें. मामांनीं त्या छिद्राला रबराची नळी जोडून ती थेट बैठकीच्या उंचीपर्यंत वर नेली. पुढें अनेक पावसाळ्यांत ती जीप त्याच नाल्यांतून रुग्ण घेऊन गेली. ती एकदांही मध्यें थांबली नाहीं, हें मी स्वतः पाहिलेलें सांगत आहें. नाल्यावर पूल झाला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं.

१९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती भडकल्या, आणि जीपच्या इतिहासांतलें सर्वांत मोठें घरगुती स्थित्यंतर सुरू झालें. पेट्रोलचें इंजिन काढून त्या जागीं डिझेलचें बसविण्याची लाट आली. कोणी ट्रॅक्टरचें बसविलें, कोणी मॅटॅडोरचें. खर्च वांचला यांत शंका नाहीं. पण एक फेरफार दुसऱ्याला जन्म देतो. डिझेलचें इंजिन वजनदार, म्हणून पुढचे पाटे बसले. पाटे बसले म्हणून एकेक जादा पाता घातला. पाता घातला म्हणून गाडी ताठ झाली आणि सांगाड्याला चिरा पडूं लागल्या. मग तेथें वेल्डिंग. खुद्द महिंद्र कंपनीनेंही पुढें प्यूजो या फ्रेंच कारखान्याच्या परवान्यानें डिझेल इंजिन घेतलें, तें कारखान्यांत विचारपूर्वक बसविलेलें असल्यामुळें त्याची अशी दशा झाली नाहीं. आमच्याकडे सांगाडा लांबवून मागें दोन बांकडीं टाकण्याचीही प्रथा पडली. आठवडी बाजाराच्या दिवशीं अशा एका जीपमधून उतरणारीं माणसें मीं एकदां मोजलीं. एकवीसपर्यंत मोजून सोडून दिलें. तिला सुधारणा म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं.

आजचा तरुण नव्या गाडीला रुंद टायर लावतो आणि पाटे उंच करतो. त्याला हौस आहे, तिची मी थट्टा करणार नाहीं. पण टायर मोठा झाला कीं एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर जाते, आणि वेगाचें घड्याळ खरा वेग कमी दाखवितें. गाडी उंच झाली कीं तिचा तोल वर सरकतो व फिरत्या दांड्यांचे सांधे तिरपे होऊन लवकर झिजतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ वर्णनांत मनमानी बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच बजावलें. कासाराचा बुश किंवा आंसावरची नळी या कलमांत सांपडेल असें मला वाटत नाहीं. सांगाडा लांबविणारे मात्र नक्की सांपडतात.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम आला आणि कचेऱ्यांच्या आवारांतल्या जुन्या जीप भंगारांत निघाल्या. धुराचा विचार करतां नियम योग्यच असेल. तरी एका आवारांत चिंचेखालीं ओळीनें उभ्या असलेल्या त्या गाड्या पाहून मी थांबलों. अर्ध्याअधिकांचीं इंजिनें झिजून नव्हे, तर तेल न बदलल्यामुळें मेलीं होतीं, हें टोपण उघडतांच कळलें.

मामांची जीप मात्र खाजगी. तिची नोंदणी मामेभावानें तपासणी करून घेऊन वेळोवेळीं नवी केली आहे. गेल्या ज्येष्ठांत, मृगाच्या दोन दिवस आधीं, मी त्याच्याकडे गेलों होतों. आम्ही दोघे म्हातारे जाजम टाकून गाडीखालीं शिरलों आणि मागच्या आंसाचें झांकण सोडलें. तेल सोनेरी होतें, पांढरें नव्हतें. रबराची नळी त्यानें बदलली आहे, पण जागा तीच. नातवाला पोस्टकार्ड आणावयास सांगितलें, तर घरांत पोस्टकार्ड नव्हतें; शेवटीं जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर भागविलें. हँडल मीं मारलें. दोन फेऱ्यांत कांहीं झालें नाहीं, तिसऱ्या फेऱ्याला इंजिन बोललें, आणि मामेभावानें सुकाणूला बांधलेला पाना एकदां ओढून पाहिला.